कॅप्टन रुद्रप्रतापचा बाप

वडोदरा, ८ जून २०२५

ती. कुमुआत्या,

सा. न. फोन न करता ईमेल करतो आहे, कारण फायरिंग रेंजवर कानात कापूस न घालता उभं राहण्याची तुझी जुनी हौस आता आम्हाला महाग पडते आहे. मागच्या रविवारी मी फोनवर एवढ्या मोठ्याने बोललो की शेजारचे पटेलकाका काय झालं विचारायला आले.

एक मदत हवी आहे. परेड, बंदूक, शिस्त हे सगळं आपल्या खानदानात फक्त तू केलंस. कॉलेजात एनसीसीच्या मुलींना निवृत्त होईपर्यंत पळवलंस. म्हणून तुलाच विचारतो. हसू नकोस. आम्ही कॉलेजचे चार दोस्त वर्षभरापासून एक खेळ खेळतोय. मैदानावरचा नाही, लिहायचा. प्रत्येकाचं एक पात्र असतं आणि चौघांनी मिळून एक मोठी गोष्ट पुढे न्यायची. माझ्या पात्राने काही म्हटलं की दुसऱ्याचं पात्र त्याला उत्तर देतं. भूषण आठवतो ना, अभ्यासाला येऊन चकल्यांचा डबा रिकामा करणारा? तो सूत्रधार. नवीन पर्वात युद्ध आहे. भूषणची अट अशी की आपलं पात्र सैनिक कसं झालं, त्याचं ट्रेनिंग कसं झालं, ते प्रत्येकाने आधी लिहायचं. बाकीच्यांना पटलं तरच एन्ट्री.

माझ्या पात्राचं नाव कॅप्टन रुद्रप्रताप. तो अनाथ आहे. लहानपणीच एक म्हातारा गुरू त्याला बर्फाच्या डोंगरातल्या गुप्त अकादमीत नेतो. तिथे बारा वर्षं ट्रेनिंग. उपाशीपोटी कडे चढणं, डोळ्यांवर पट्टी बांधून नेमबाजी, लांडग्याशी झुंज. शेवटच्या परीक्षेत सगळे मरतात आणि हा एकटा वाचतो. भूषण आपल्या इंदुरी बोलीत म्हणतो, "भिया, मजा तो आ रिया, पर कुछ जमत नाही." काय जमत नाही ते त्यालाही सांगता येत नाही. तू वाच आणि खऱ्या ट्रेनिंगमधल्या चार गोष्टी त्यात टाकून दे. मजकूर सोबत जोडला आहे.

शिखा नमस्कार सांगते.

तुझा,
शंतनु

ता. क. अबोलीला जरा समजाव. तिला तुझ्याकडे इंदूरला ठेवलं ते भंवरकुआंला इंजिनिअरिंगच्या क्लाससाठी. तिने मधल्यामधे एनडीएची लेखी परीक्षा दिली, पास झाली, आणि आता सैन्यात अधिकारी व्हायला जुलैत भोपाळला मुलाखत आहे म्हणते. सतरा वर्षांची आहे, त्यामुळे बापाची सही लागते. मी सही करणार नाही. तुझं ती ऐकते.


इंदूर, ११ जून २०२५

चि. शंतनु,

आशीर्वाद नेहमीचेच, वेगळे लिहीत नाही. तुझा रुद्रप्रताप वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला, वाटलं चूक माझ्या डोळ्यांची असेल. ती तुझीच निघाली.

पोराला बारा वर्षं उपाशी ठेवलं तर कॅप्टन होत नाही, मुडदूस होतो. डोळ्यांवर पट्टी बांधून नेमबाजी शिकवणारा उस्ताद पहिल्याच दिवशी आपल्या पोरांच्या गोळीने मरेल, आणि मेलाच पाहिजे. लांडग्याशी झुंज कशासाठी? शत्रूकडे लांडगे आहेत का? आणि शेवटी सगळे मरून एकटा वाचतो, ती अकादमी म्हणायची की कत्तलखाना? एवढा खर्च करून कुठलं सरकार एकच माणूस तयार करत असेल तर युद्ध राहू दे, आधी त्या सरकारची चौकशी लाव.

खरं ट्रेनिंग ऐकायचंय? सुरुवातीला माणूस चालायला शिकतो. जन्मभर दोन पायांवर चालत आलेला माणूस तिथे उजव्या पायाबरोबर उजवाच हात पुढे टाकतो आणि सगळी रांग हसते. मग बूट. बूट चावतात, फोड येतात, फोड फुटतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच बूट. मग चादर. एकीच्या चादरीला सुरकुती दिसली की मी सगळ्या तंबूला मैदानाची चक्कर मारायला लावायचे आणि जिची सुरकुती तिने नुसतं उभं राहून बघायचं. त्या बघण्याने माणूस जेवढा बदलतो तेवढा लांडगा खाऊनही बदलत नाही. पण तुमच्या खेळात चादर कोण लिहिणार? तुझी चादर आजही शिखाच झटकते.

आणि भूषणला काय जमत नाही ते मी सांगते. तुझा हिरो अनाथ आहे. चौघांचेही अनाथच असतील, लाव पैज. आईबाप नसले की कसं सोपं जातं बघ. निघताना दारात कुणी अडवत नाही, कुणी रडत नाही, कुणाची सही लागत नाही. ट्रेनिंग अकादमीत सुरू होत नाही बाबा, घरच्या दारात सुरू होतं. तेवढं गाळून तू थेट बर्फात उडी मारलीस.

अबोलीला समजवायचं काम मी घेतलेलं नाही. ती पहाटे पळायला जाते, येताना माझं दूध आणते, क्लास करते, अभ्यास करते. समजावण्यासारखं तिच्यात मला काही दिसलं नाही.

कुमुदिनी


वडोदरा, १५ जून २०२५

ती. आत्या,

तू तर अब्रूच काढलीस. तरी तुझं पत्र मी ग्रुपवर टाकलं. शिखा आणि चादर एवढं फक्त गाळलं. सगळे खलास. भूषण म्हणतो, "आत्याजींना आपल्या गेमचं ॲडव्हायझर करून टाक, भिया." आणि हो, चारही हिरो अनाथ निघाले. एक तर नदीतून वाहत आलेला आहे.

म्हणून मी बदल केला. रुद्रप्रतापला आता बाप आहे. सीमेवर शहीद झालेला सैनिक. दुसऱ्या परिच्छेदात तो जातो, आई धक्क्याने जाते, आणि पोरगा बापाची तलवार घेऊन निघतो. कसं वाटतं? तलवार आपल्या घरातल्या तलवारीवरूनच सुचली. आपले पूर्वज होळकरांच्या रिसाल्यात होते, रक्तात आहे ते कुठे जाणार?

अबोलीचा विषय तू हसण्यावारी नेऊ नकोस. एकुलती एक आहे. बारावीला चांगले मार्क आहेत, कुठेही ॲडमिशन मिळेल, एसीत बसून नोकरी करेल. सैन्य वाईट आहे असं मी म्हणतच नाही. मला अभिमान आहे. सोसायटीत सव्वीस जानेवारीला जवानांचा सत्कार असतो तेव्हा सगळ्यात आधी मी उठून टाळ्या वाजवतो. पण आपल्याच पोरीने कशाला? शिखाला विचारलं तर तिचं एकच, "पापा से पूछो." आणि पापा म्हणजे मी. मी नाही म्हटलं आहे. विषय संपला.

तुझा,
शंतनु


इंदूर, १९ जून २०२५

चि. शंतनु,

वा! बाप दिलास आणि दुसऱ्या परिच्छेदात मारलास. बिचाऱ्याला एक वाक्य तरी बोलू द्यायचं होतंस. तुम्हा चार घोड्यांना आईबापांची एवढी भीती का वाटते कुणास ठाऊक. तुम्ही स्वतः आता बाप आहात.

रक्तात आहे म्हणतोस. रक्तात काय आहे ते मला विचार. खापरपणजोबा रिसाल्यात होते हे खरं. त्यांच्यानंतर एक महसुलात, आमचे वडील दत्तोपंत शिक्षण खात्यात, तुझा बाप बँकेत आणि तू औषधांच्या कंपनीत खरेदी खात्यात. त्या तलवारीने तेव्हापासून हळदकुंकू आणि झेंडूखेरीज काही पाहिलेलं नाही. दर दसऱ्याला तिला तेल पाजायचं, फेटे बांधायचे, फोटो काढायचे, आणि सीमोल्लंघन म्हणून कॉलनीच्या फाटकापर्यंत जाऊन परत फिरायचं. फाटकाबाहेर तुझ्या बापाने एकदाच पाऊल टाकलं, तेही बाहेर कुल्फीवाला उभा होता म्हणून. बडा घर पोकळ वासा म्हणतात तो हाच. आता पहिल्यांदा या घरातलं कुणी खरोखर फाटक ओलांडायला निघालं, तर तू आतून कडी लावतो आहेस. आणि वर अभिमान! टाळ्या दुसऱ्यांच्या पोरांसाठी, एसी आपल्या पोरीसाठी. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

माझ्या वेळी ते दारच नव्हतं. डॉक्टर आणि नर्स सोडून मुलींना सैन्यात कुणी विचारत नव्हतं. त्यामुळे मला कुणी अडवलं म्हणून रडायचीही सोय नाही. मी मुलींना मैदानावर पळवलं आणि संध्याकाळी घरी पाठवलं. त्यातल्या काही जणी अशा होत्या की त्यांना घरी पाठवताना जीव तुटायचा.

असो. तुझा खेळ. खरं ट्रेनिंग लिहायचं असेल तर दारातला प्रसंग लिही. बाप जिवंत ठेव. मुलगा निघाला आहे. बापाचं बोलणं तू लिही, तुला ते पाठ आहे. मुलाचं उत्तर इथून येईल. एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचं हा तुमचाच नियम ना? भूषणला विचार, चालेल का.

कुमुदिनी


वडोदरा, २३ जून २०२५

ती. आत्या,

भूषण एकदम खूश. म्हणतो, दोघं मिळून लिहा, आम्ही वाचतो. हा बाप घे. शनिवार-रविवार यातच गेले, शिखा म्हणाली की बाजारातून भाजी आणायला तरी उठा.

"रुद्रा, तुला वाटतं मी भितो. हो, भितो. तू चालायला लागलास तेव्हा मी घरातल्या टेबलांच्या कोपऱ्यांना कापड बांधलं होतं. सायकल शिकलास तेव्हा मागून धावलो. तू विचारलंस, सोडलं का? मी म्हणालो, नाही. आणि खरंच सोडलं नव्हतं. आता तू जिथे निघालास तिथे मला मागून धावू देणार नाहीत. देशाला सैनिक हवेत, मान्य. पण देशाकडे पुष्कळ आहेत. माझ्याकडे तू एकटा आहेस. बाकी सगळ्यांना जाऊ दे. तू राहा."

शिखाला वाचून दाखवलं, तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती उठून आत गेली. मला नाही वाटत रुद्रप्रतापकडे याला काही उत्तर असेल. बघ तू प्रयत्न करून.

तुझा,
शंतनु


इंदूर, २६ जून २०२५

चि. शंतनु,

बाप चांगला लिहिलास. खोटं बोलणार नाही, तुझ्या लिहिण्यात पहिल्यांदाच माणूस दिसला. म्हणजे अक्कल आहे, वापरत नाहीस एवढंच.

मुलाचं उत्तर असं:

"बाबा, सायकलवरून तुम्ही हात सोडलाच नाही, म्हणून मी अजून वळणावर पडतो. रागावू नका. तुम्ही म्हणालात, बाकी सगळ्यांना जाऊ दे. त्या बाकी सगळ्यांच्या घरीही टेबलांच्या कोपऱ्यांना कापड बांधणारं कुणीतरी होतं. मला मरायची हौस नाही. मला असं काम हवंय ज्याला माझ्या अंगातली सगळी ताकद लागेल. तुम्ही रोज घरी येता, बूट काढता आणि म्हणता, आजचा दिवस वाया गेला. माझे दिवस वाया जाऊ नयेत असं तुम्हाला वाटत नाही का? मी भांडणार नाही. चपला घालून इथेच दारात बसतो. तुम्ही काय म्हणता ते ऐकायचं आहे. पण पूर्ण सांगा, अर्धं नको."

तुझा बाप यावर काय म्हणतो ते कळव.

कुमुदिनी


वडोदरा, १ जुलै २०२५

ती. आत्या,

एन्ट्री मिळाली! पोराचं उत्तर वाचून मी अडकलोच होतो. ऑफिसात मीटिंगमध्ये तेच डोक्यात. भूषण रोज मेसेज करायचा, भिया, तुझ्यामुळे पुढचं पर्व अडलंय, जल्दी कर. शेवटी ठरवलं की बापाने वाद घालायचाच नाही. तो आत जातो, गुळपापडीचा डबा घेऊन येतो, पोराच्या पिशवीत ठेवतो, पिशवी त्याच्या हातात देतो आणि म्हणतो, "पोचल्यावर कळव." बस. ग्रुपवर सगळ्यांचं एकमताने हो. भूषणने लिहिलं, "रुला दिया यार."

तुला मानलं, आत्या. या वयात पोराच्या तोंडी एवढं तरुण कसं लिहिलंस? पुढच्या भागात तुझी चादर नक्की घालतो.

तुझा,
शंतनु

ता. क. अबोलीची भोपाळची तारीख एकवीस जुलै आहे असं शिखा म्हणाली. तेवढी टळून जाऊ दे म्हणजे विषय आपोआप मिटेल. तोवर तिला ॲडमिशनच्या कामाला लाव.


इंदूर, ३ जुलै २०२५

शंतनु,

माझ्या हाताखालून पुष्कळ मठ्ठ पोरी गेल्या. बाएं मुड म्हटलं की उजवीकडे वळणाऱ्या. पण समोर दुसरीचं नाक दिसलं की त्यांना निदान कळायचं, आपण चुकलो. तुला तेही कळत नाही. लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथे शेजारपाजाऱ्यांनाही लागलं असतं, तुला लागलं नाही.

ते उत्तर मी लिहिलेलं नाही. मी अडुसष्ट वर्षांची बाई, अंगातली सगळी ताकद मला जिना चढायला लागते. तू लिहिलेला बाप आला तेव्हा मी टॅब्लेट अबोलीपुढे ठेवला. तिने वाचलं, उठून तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "आत्याआजी, ये तो पप्पा खुद बोल रहे हैं. मला त्यांनी हे कधी सांगितलंच नाही ना. मला तो बस इतनाच बोलले की नाही म्हणजे नाही." मग जेवणाच्या टेबलावर बसून एका दमात उत्तर लिहिलं. मी त्यातला काना-मात्रा बदललेला नाही.

म्हणजे काय झालं बघ. जे पोरीला सांगायचं ते तू न जन्मलेल्या कॅप्टनला सांगितलंस. त्याचं ऐकून घेतलंस, त्याच्यासाठी दिवस दिवस विचार केलास, त्याला गुळपापडी बांधून दिलीस. खऱ्या पोरीला मात्र 'विषय संपला', आणि तोही माझ्यामार्फत, पत्राच्या शेपटाला बांधून. कागदावरच्या पोराला सोडलंस, कारण भूषणचं पर्व अडलं होतं. हिचं अडलेलं आहे ते तुला दिसत नाही?

मला तुझा राग आला आहे आणि तो मी लपवत नाही. सही करायची तर कर. करायची नसेल तर तिला स्वतः सांग, त्या बापाने सांगितलं तसं, पूर्ण. पुन्हा मला ता. क. पाठवू नकोस. मी टपालपेटी नाही.

कुमुदिनी


वडोदरा, १४ जुलै २०२५

आत्या,

उशिरा लिहितो आहे. लगेच लिहिलं असतं तर वाईट लिहिलं असतं.

तू केलंस ते मला आवडलेलं नाही. खेळाच्या नावाखाली माझ्या पोरीचं मन चार लोकांपुढे वाचलं गेलं, आणि त्यावर मी स्वतः वाहवा घेतली. भूषणला अजून माहीत नाही. कुठल्या तोंडाने सांगू?

तू म्हणतेस, कागदावरच्या पोराला सोडलं. सोडणारच ना! तो मेला तर भूषण मला दुसरं पात्र देईल. इथे कोण देणार? एवढी साधी गोष्ट तुला कळू नये? तुझ्या मैदानावरच्या सगळ्या पोरी संध्याकाळी घरी जायच्या, हे तूच लिहिलंस. एखादी घरी गेलीच नाही, हे तुझ्या वाट्याला कधी आलं नाही. मग मला भित्रा ठरवायचा हक्क तुला कुणी दिला?

शिखाने बोलणं टाकलं होतं. काल म्हणाली, "उसने तो पूछा था. तुमने सुना ही नहीं." मी म्हटलं, मी भितो. ती म्हणाली, "मैं भी डरती हूँ. पर मैंने ना तो नहीं बोला."

सही करून कुरिअरने पाठवली आहे. मनापासून केलेली नाही, हे तिला सांगायचं तर सांग. माझे दिवस वाया जातात हे तिने लिहिलं ते खरं आहे, म्हणून केली. तिला फोन केलेला नाही. केला असता तर पुन्हा नाही म्हटलं असतं.

शंतनु


इंदूर, २३ जुलै २०२५

चि. शंतनु,

भित्रा हा शब्द माझा नव्हता, तुझाच आहे. पण मैदानाचं तू लिहिलंस ते खरं आहे. दोन दिवस तेच डोक्यात होतं. माझ्या पोरी घरी गेल्या हे माझं नशीब, कर्तबगारी नव्हे.

अबोली भोपाळहून परत आली. पहिल्याच दिवशी गाळली. तिथे एक धूसर चित्र दाखवतात, त्यावर प्रत्येकीने गोष्ट लिहायची, मग सगळ्यांनी चर्चा करून मिळून एकच गोष्ट ठरवायची. तुमच्या चौघांसारखंच, फक्त तिथे कुणी कुणाला 'रुला दिया' म्हणत नाही. हिने गोष्ट चांगली लिहिली. चर्चेत सगळ्या एकदम बोलायला लागल्या, मासळीबाजार झाला, आणि हिला आवाज चढवता आला नाही. हिचं बोलणं तोंडातच राहिलं. दुपारी नावं वाचली, त्यात हिचं नव्हतं. रात्रीच्या बसने घरी. बॅग ठेवली, कढी-खिचडी जेवली, ताट घासून ठेवलं, आणि मग रडली. चांगली रडली. मी मधे पडले नाही.

तुला बरं वाटलं असेल. ते मला कळवू नकोस.

कुमुदिनी


वडोदरा, २५ जुलै २०२५

ती. आत्या,

कळवतोच. बरं वाटलं. तुझं पत्र वाचून हाश्श झालं. चहा मागवला, दोन समोसे खाल्ले. आणि मग तू लिहिलेलं ते 'ताट घासून ठेवलं' आठवलं आणि उरलेला चहा ओतून दिला. पोरगी तिकडे रडते आणि बाप इकडे समोसे खातो. असलं पात्र भूषणसुद्धा पास करणार नाही.

आता पुढे काय म्हणते? ॲडमिशन घेते आहे ना? हौस फिटली असेल तर विषय मिटला असं धरू का?

शंतनु


इंदूर, ३० जुलै २०२५

चि. शंतनु,

काही धरू नकोस. तुझ्या हातात काही राहत नाही.

ॲडमिशन घेते आहे, इथेच इंदूरला, म्हणजे तुझा एसीही वाया जायला नको. आणि सप्टेंबरात लेखी परीक्षा पुन्हा देते आहे. सकाळी पळून आली की गच्चीवर उभी राहून मोठ्याने वर्तमानपत्र वाचते, आवाज चढावा म्हणून. माझे कान असे, तरी मला खाली ऐकू येतं. समोरच्या बिल्डिंगमधले शर्माजी परवा विचारत होते, "भाभीजी, बिटिया रेडियो में लग गई क्या?" भाभीजी! मी लग्न केलं नाही हे त्यांना अजून पटलेलं नाही.

ऑक्टोबरात तिला अठरा पूर्ण होतात. पुढच्या मुलाखतीला तुझी सही कुणी मागणार नाही. मी तिला म्हटलं, सुटलीस बाई, आता पप्पांना विचारायची भानगडच नाही. तर माझ्यावरच उखडली. "ऐसे कैसे? विचारणार तर आहेच. ना बोले तरी जाणार, पर विचारणार. मला घर छोड़के थोड़ी ना जायचंय, आत्याआजी. मला घर से जायचंय."

मला जन्मभर वाटत आलं की परवानगी हे फक्त दाराचं कुलूप असतं. ही कार्टी वेगळंच काही म्हणते आहे. मला यावर तुला टोमणाही सुचेना, यावरून समज.

तेव्हा ती विचारेल. उत्तर मला पाठवू नकोस, तिलाच पाठव.

कुमुदिनी


वडोदरा, २ ऑगस्ट २०२५

चि. अबोली,

आत्याने तुझं म्हणणं कळवलं. तू ऑक्टोबरनंतर मला विचारणार आहेस असं दिसतं. तेव्हा माझी सही लागणार नसेल, आणि मग हो म्हणायला माझं काय जाणार? तेव्हा कुठलाही बाप हो म्हणेल.

मला भीती वाटते. तू घरी नसलीस की अजूनही दार वाजलं तर मी आधी घड्याळ बघतो. हे मी तुला कधी सांगितलं नाही, दुसऱ्या कुणाच्या नावाने लिहिलं, आणि ते तुला दुसऱ्याच कुणाच्या नावाने वाचावं लागलं. चर्चेत तुझा आवाज चढला नाही असं कळलं. कसा चढणार? आपल्या घरात आवाज फक्त माझाच चढतो.

रविवारी सकाळच्या गाडीने इंदूरला येतो आहे. आई पण येते आहे. ऑक्टोबरपर्यंत थांबू नकोस. मी आलो की विचार. माझी सही लागते आहे तोवर विचार.

पप्पा